कोळशाची शेगडी गॅसवर घेताना: खोक्याच्या तळापासून रेग्युलेटरपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. ढाब्यावर कबाब-टिक्क्यांसाठी जाड पत्र्याची कोळशाची लांब शेगडी आहे: आतून ९० सेमी लांब, २५ सेमी रुंद, १५ सेमी खोल, वर सळया आडव्या टेकतात. तिच्यात गॅसचा बर्नर बसवून घ्यायचा आहे. वेल्डिंगवाला म्हणतो, ‘पाइपला भोकं पाडून आत टाकतो, भट्टीचा रेग्युलेटर लावा, झालं काम.’ हे चालेल का, आणि नसेल तर नीट कसे करायचे?

तसे चालणार नाही. शेगडी गॅसवर घेता येते, पण बर्नर हा त्या कामातला सोपा भाग आहे. खरे काम आहे ते खोक्याचे. कोळशाची शेगडी म्हणजे खालून बंद असलेले खोके. निखारे सांभाळायचे, राख धरून ठेवायची, वारा मोजकाच आत घ्यायचा, यासाठी ते घडवलेले असते. एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. बर्नर विझला, कॉक अर्धवट उघडा राहिला किंवा पेटवायला उशीर झाला, तर गॅस वर उडून जात नाही. तो खोक्याच्या तळाशी पाण्यासारखा साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते, आणि शेगडीवर वाकलेल्या माणसाचा चेहरा आणि हात भाजतात. म्हणून कोणताही सुटा भाग विकत आणण्याआधी शेगडीचा तळ उघडायचा.

आधी कोणती शेगडी घ्यायची नाही ते

तळाचा पत्रा २ मिमीपेक्षा पातळ झाला असेल, हातोडीच्या टोल्याने गंजाचे पापुद्रे सुटत असतील, तर त्या शेगडीवर खर्च करू नका. आतून जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा असेल तरी नको. जस्त तापले की त्याचा धूर श्वासात जातो आणि खाण्यालाही लागतो. विटा-सिमेंटच्या ओट्यात बसवलेली शेगडी जागच्या जागी गॅसवर घेऊ नका, कारण तिला खालून मोकळी वाट देता येत नाही. झाकणाची गोल बार्बेक्यू शेगडी असेल तर त्याच मॉडेलसाठी उत्पादकाने गॅसचा संच काढला आहे का ते बघा. नसेल तर ती कोळशावरच राहू द्या.

तंदूर हा तर वेगळाच विषय आहे. मातीचा तंदूर म्हणजे खोल रांजण. त्यात गॅस साचला तर बाहेर पडायला वाटच नसते. त्याला पायलट ज्योत (सतत जळत राहणारी छोटी ज्योत), तळाशी हवेची वाट आणि त्यासाठीच घडवलेला बर्नर लागतो. इथे दिलेली पद्धत तंदुराला अजिबात लावू नये.

मुंबईतल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि उपाहारगृहांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले, आणि महापालिकेनेही तशा नोटिसा काढल्या. त्या घाईत पुष्कळ ठिकाणी पत्र्याच्या शेगडीत कामचलाऊ पाइप बसले. मुदत पाळायची म्हणून धोका विकत घेऊ नका. तयार गॅस ग्रिल परवडत असेल तर तीच घ्या. जुनी शेगडी बदलून घेण्यात अर्थ आहे तो तिचे अंग ३ मिमी किंवा त्याहून जाड असेल आणि माप तुमच्या कामाला चपखल बसत असेल तरच.

किती उष्णता लागते

उघड्या शेगडीला भाजण्याच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ वॅट धरावेत. झाकणाच्या शेगडीला ३.५ ते ४ पुरतात. तुमचे क्षेत्रफळ ९० गुणिले २५, म्हणजे २२५० चौसेमी. म्हणजे साधारण ११ किलोवॅट. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १२.८ किलोवॅट-तास उष्णता मिळते, म्हणून सगळे बर्नर पूर्ण उघडे असताना तासाला ९०० ग्रॅमच्या आसपास गॅस जाईल. १९ किलोची टाकी पूर्ण आचेवर २१ तास चालेल. शेगडी तापल्यावर आच उतरवता येते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त.

हे ११ किलोवॅट एकाच लांब पाइपातून देऊ नका. लांब पाइपात गॅस जिथून शिरतो त्या जेटजवळची छिद्रे आणि टोकाची छिद्रे सारखी जळत नाहीत, आणि गिऱ्हाईक कमी असताना निम्मी शेगडी बंदही ठेवता येत नाही. खोक्याच्या आत ४० सेमी येतील असे चार नळी-बर्नर घ्या: दोन डाव्या बाजूने आत आलेले, दोन उजव्या बाजूने. प्रत्येकी २.८ किलोवॅट. नळी २५ मिमी व्यासाची, ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची. एका बर्नरच्या सगळ्या छिद्रांचे मिळून क्षेत्रफळ २८० ते ३०० चौमिमी असावे. २ मिमीची छिद्रे असतील तर ती ९० च्या आसपास भरतात, दोन रांगांत ४५-४५. हा आकडा तयार बर्नर निवडताना ताळा म्हणून वापरा, घरी ड्रिल चालवायला नको. छिद्रे थोडी मोठी झाली की मंद आचेवर ज्योत नळीत उलटी शिरते, थोडी कमी पडली की ज्योत छिद्रापासून सुटून वर तरंगते. तयार बर्नर त्या दोन टोकांच्या मधे बसवूनच विकलेला असतो.

जेट आणि दाब: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

जेट म्हणजे पितळेची ती छोटी टोपी, जिच्या बारीक भोकातून गॅस सुटतो. घरगुती धर्तीचा कमी दाबाचा रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबारवर गॅस देतो. त्या दाबाला ०.९ मिमीच्या जेटमधून तासाला सुमारे २२० ग्रॅम गॅस जातो, म्हणजे २.८ किलोवॅट. ०.८ मिमीच्या जेटमधून १७५ ग्रॅम, १ मिमीच्या जेटमधून २७५. चार बर्नर, प्रत्येकी ०.९ मिमीचा जेट, ३० मिलिबार: तुमच्या शेगडीचा हिशेब इथे जुळतो.

आता वेल्डिंगवाल्याच्या ‘भट्टीच्या रेग्युलेटर’कडे वळू. चावी फिरवून दाब वाढवायचा हा रेग्युलेटर अर्धा बार (५०० मिलिबार) किंवा त्याहूनही जास्त दाब देऊ शकतो. गॅसचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. तोच ०.९ मिमीचा जेट अर्ध्या बारला चौपट गॅस सोडेल. बर्नरची छिद्रे तेवढा गॅस जाळू शकत नाहीत, आत ओढली जाणारी हवाही पुरत नाही, आणि ज्योत शेगडीबाहेर निघते. उलट प्रकारही धोक्याचा आहे: जास्त दाबाच्या बर्नरचा बारीक जेट कमी दाबावर लावला तर ज्योत इतकी अशक्त होते की वाऱ्याच्या झुळकेने विझते. बर्नर, जेट आणि रेग्युलेटर हे तिघे एकाच दाबाचे असले पाहिजेत. हे त्रिकूट जुळत नसेल तर बाकी काम कितीही नेटके झाले तरी शेगडी सुरक्षित नाही.

पाइपने येणाऱ्या गॅसवर, म्हणजे पीएनजीवर, शेगडी चालवायची असेल तर जेट बदलावा लागतो. पीएनजी घरगुती जोडणीत २१ मिलिबारवर येतो आणि तो हलका असतो, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेला सुमारे १.४ पट व्यासाचे भोक लागते. पीएनजीचा जेट चुकून एलपीजीवर राहिला तर उष्णता जवळपास दुप्पट होते आणि ज्योत पिवळी, काजळी धरणारी जळते. जेट बदलताना जुने जेट एका डबीत ठेवून डबीवर गॅसचे नाव लिहा. भोक मोठे करायला सुई किंवा ड्रिल कधीही घालू नका. वाकडे भोक गॅसची धार वाकडी सोडते आणि हवा नीट ओढली जात नाही.

खोक्याचे काम

शेगडी पूर्ण रिकामी करा. आत मातीचा लेप असेल तर तळाचा काढून टाका, कारण त्याचे तुकडे सुटून बर्नरच्या छिद्रांत बसतात. बाजूंचा लेप घट्ट असेल तर राहू द्या.

तळाला लांबीच्या दिशेने दोन खाचा कापा, प्रत्येकी ६० सेमी लांब आणि १.५ सेमी रुंद. मिळून १८० चौसेमी होतात. दर किलोवॅटला किमान १० चौसेमी मोकळी वाट हवी, त्या हिशेबाने ११० पुरले असते. पण तेलकटपणा आणि राखेसारखा कचरा साचून त्या अरुंद होतात, म्हणून थोडे हातचे ठेवलेले बरे. या खाचा दोन कामे करतात: सुटलेला गॅस खाली निघून जातो आणि ज्योतीला लागणारी हवा खालून वर येते. त्या खाली ५ सेमी अंतर सोडून तेल-चरबी झेलणारा ट्रे लटकवा. ट्रे खाचांना चिकटवून बसवला तर खाचा असून नसल्यासारख्या होतात, आणि ही चूक फार जण करतात. जमिनीपासून शेगडीचा तळ किमान १५ सेमी उंच हवा. खाली खड्डा, गटाराचे जाळीदार झाकण किंवा तळघराची खिडकी नको, नाहीतर शेगडीतून सुटलेला गॅस तिथे जाऊन बसेल.

डाव्या-उजव्या टोकाच्या भिंतीत प्रत्येकी दोन गोल भोके पाडा, ३० मिमीची. बर्नरचा मध्य तळापासून ४ सेमीवर आणि लांब भिंतीपासून ७ सेमीवर यावा. बर्नरचे तोंड, म्हणजे जिथे जेट गॅस सोडतो आणि हवेची खिडकी असते तो भाग, भिंतीबाहेर ८ ते १० सेमी राहिला पाहिजे. जेट खोक्यात असला तर गॅस आधीच तापतो, आत ओढली जाते ती जळून गेलेली हवा, आणि कॉकमधले ग्रीस वितळून कॉक गळायला लागतो. भिंत आणि कॉकच्या मधे २ सेमी पोकळी सोडून पातळ पत्र्याचा आडोसा लावा.

बर्नर फक्त जेटच्या बाजूला पक्का करा. आतले टोक आडव्या पट्टीवर नुसते टेकलेले हवे. तापल्यावर ४० सेमीचा स्टेनलेस पाइप ३ मिमी लांब होतो. दोन्ही टोके वेल्ड केली तर तो कमान टाकतो, जेटची धार नळीच्या मध्यातून हलते, आणि महिनाभरात ‘बर्नर खराब निघाला’ अशी तक्रार येते.

निखाऱ्याची जागा कोण घेणार

गॅस नुसता जाळून कबाब ओलसर, उकडल्यासारखे होतात, त्याला कारण आहे. निखारा लाल होऊन उष्णता किरणांनी फेकतो, त्याने मांसाचा पृष्ठभाग लगेच करकरीत होतो. गॅसची निळी ज्योत जवळजवळ पारदर्शक असते, तिची बहुतेक उष्णता गरम हवेच्या रूपात वर निघून जाते. शिवाय एक किलो एलपीजी जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. ती सगळी मांसाला स्पर्श करून जाते.

उपाय म्हणजे ज्योतीने आधी लोखंड तापवायचे आणि त्या लोखंडाने मांस भाजायचे. प्रत्येक बर्नरच्या ओळीवर ५० गुणिले ५० गुणिले ५ मिमीची लोखंडी अँगल (काटकोनात वळलेली पट्टी) उलटी, घराच्या छपरासारखी, ठेवा. लांबी ८८ सेमी, म्हणजे तापून वाढायला जागा राहते. अँगलची खालची कड तळापासून ७.५ सेमीवर, शेंडा ११ सेमीवर येईल. हे छप्पर बर्नरवर चरबी पडू देत नाही आणि स्वतः लालसर तापून किरणे फेकते. चरबी त्यावर पडून चर्र होते, तिचा धूर मांसाला लागतो. ‘कोळशाची चव’ म्हणतो त्यातला मोठा वाटा चरबीच्या या धुराचाच असतो.

आता अडचण अशी की शेगडीची कड १५ सेमीवर आहे, म्हणजे अँगलच्या शेंड्यापासून सळई फक्त ४ सेमी उंच. इतक्या जवळ मांस बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहते. म्हणून कडेवर तीच ५० मिमीची अँगल बसवून उंची २० सेमी करा. ९ सेमी अंतर मिळेल, निखाऱ्यावर सळई धरतात तेवढेच. वाढवलेल्या भागात पुढे-मागे ठिकठिकाणी खाचा ठेवा, तिथून गरम वायू निघून जातो.

लाव्हा दगडांचा थरही चालतो, मात्र तो चरबी पितो आणि एक दिवस सगळा एकदम पेटतो. धंद्याच्या शेगडीला अँगल बरी, कारण ती खरवडून साफ होते. अँगलचे पापुद्रे सुटायला लागले की नवी टाका. धुंगार हवाच असेल तर तो वेगळ्या भांड्यात द्या: वाटीत निखारा, वर चमचाभर तूप, झाकण. गॅसच्या शेगडीत निखारे टाकायचे नाहीत. राख छिद्रांत जाते आणि विझलेल्या बर्नरचा गॅस निखाऱ्यावर भडकतो.

कॉक, पाइप, नळी

प्रत्येक बर्नरला ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारा कॉक लावा, सोबत थर्मोकपल. थर्मोकपल म्हणजे ज्योतीत राहणारी दोन वेगळ्या धातूंची बारीक दांडी. ती तापलेली असते तोवर कॉकमधले चुंबक झडप उघडी धरते, गार झाली की झडप मिटते. दुकानदार म्हणेल की धंद्याच्या शेगडीला हे कोणी लावत नाही. तुम्ही लावा. उघड्यावरच्या शेगडीत वाऱ्याने एक बर्नर विझला तर शेजारच्या तिघांच्या आवाजात ते कोणाला कळतही नाही. थर्मोकपलचे टोक ज्योतीत यावे, छपराच्या अँगलला टेकू नये. टेकले तर ज्योत विझल्यावरही तापलेली अँगल ते गरम ठेवते आणि झडप मिटायला उशीर होतो.

कॉकना गॅस देणारा पाइप अर्ध्या इंची जाड लोखंडी किंवा तांब्याचा, शेगडीच्या तळाच्या पातळीवर आणि अंगापासून ५ सेमी दूर. आट्यांच्या जोडांना गॅसची टेफ्लॉन टेप. नळकामातला सफेदा आणि सुतळी पाण्याच्या जोडांसाठी आहेत, गॅसला नाहीत. सुतळी वाळून आकसते आणि जोड हळूहळू गळतो. जेटच्या आट्यांना मात्र काहीच लावायचे नाही. टेपचा एक धागा जेटच्या भोकात गेला की तो बर्नर बंद.

सगळ्या कॉकच्या आधी एक मुख्य कॉक हवा, शेगडीला वळसा न घालता हात पोचेल अशा जागी. आग लागली तर ज्वाळांवरून हात नेऊन गॅस बंद करायची वेळ यायला नको.

रबरी नळी आयएस ९५७३ चा शिक्का असलेली सुरक्षा नळी घ्या, लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. तिच्यावर छापलेल्या तारखेपासून पाच वर्षांनी बदला. ढाब्यावर उंदीर आणि तेल दोन्ही असतात, तेव्हा त्याआधीच बदललेली बरी. नळी शेगडीखालून, ट्रेखालून किंवा भिंतीतून न्यायची नाही. अंतर जास्त असेल तर पक्का पाइप टाका.

टाकी व्यावसायिक, १९ किलोची. घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याला वापरणे एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेश २००० नुसार गुन्हा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही याच मुद्द्यावर बोट ठेवते. ३० मिलिबारचा रेग्युलेटर वितरकाकडूनच घ्या आणि त्याच्यावर छापलेली ताशी क्षमता तासाला एक किलोच्या खाली नाही ना, ते बघा. टाकी उभीच, सावलीत, शेगडीपासून दीड-दोन मीटर दूर आणि जमिनीच्या पातळीवर ठेवा. १९ किलोच्या एका टाकीतून सलग तासाला अर्धा ते एक किलो गॅस निघतो. टाकी निम्मी झाल्यावर, नाशिक-पुण्याच्या थंडीच्या रात्री ती कमी पडेल, अंगावर दव किंवा बर्फ धरेल आणि ज्योत बसेल. अशा वेळी टाकीवर गरम पाणी ओतणे, तिला शेगडीजवळ सरकवणे किंवा आडवी करणे, यांतले काही करू नका. आडव्या टाकीतून द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये येतो. दोन टाक्या जोडून घेणे हा त्यावरचा उपाय, आणि ती जोडणी वितरकाच्या माणसाकडूनच करून घ्या.

गळती आणि दाब तपासणे

पहिली तपासणी साबणाच्या पाण्याने: एक भाग भांड्यांचा साबण, तीन भाग पाणी, ब्रशने प्रत्येक जोडावर. बुडबुडा आला की जोड उघडून पुन्हा करा, नुसता आवळू नका. काडी किंवा लायटर घेऊन गळती शोधणाऱ्याला शेगडीजवळ थांबू देऊ नका.

दुसरी तपासणी पाण्याच्या यू नळीची. खर्च जवळपास नाही, आणि जी गळती बुडबुड्यात दिसत नाही ती यात दिसते. एक मीटरभर पारदर्शक नळी फळीवर यू आकारात बांधा, निम्मी पाण्याने भरा, चिमूटभर कुंकू टाका म्हणजे पातळी दिसते. एक तोंड कॉकना गॅस देणाऱ्या पाइपवर तपासणीसाठी ठेवलेल्या टोकाला जोडा, दुसरे मोकळे. सगळे कॉक बंद करून रेग्युलेटर उघडा. दोन्ही बाजूंच्या पातळीत ३० सेमी किंवा थोडा जास्त फरक दिसेल, कारण ३० मिलिबार म्हणजे जवळपास ३० सेमी पाणी. आता रेग्युलेटर बंद करून दहा मिनिटे थांबा. पातळी जागची हलता कामा नये. मग चारही बर्नर पूर्ण पेटवा. फरक २५ सेमीच्या खाली गेला तर रेग्युलेटर अपुरा आहे किंवा पाइप बारीक आहे. आणि रेग्युलेटर उघडताच पाणी नळीतून उडाले, तर लगेच बंद करा: तो कमी दाबाचा रेग्युलेटर नाही.

तिसरी तपासणी झडपांची. बर्नर पाच मिनिटे चालू ठेवून मुख्य कॉक बंद करा. ज्योत विझेल, आणि एका मिनिटाच्या आत प्रत्येक कॉकमधून ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. त्यानंतर मुख्य कॉक उघडला तरी कोणत्याही बर्नरमधून गॅस येता कामा नये.

पेटवणे आणि ज्योत लावणे

आधी लांब लायटरची ज्योत बर्नरजवळ न्या, मग कॉक दाबून उघडा, आणि पेटल्यावर १५-२० सेकंद दाबून धरा. उलट क्रम नको. पाच-सात सेकंदांत पेटला नाही तर कॉक बंद करून पाच मिनिटे थांबा. तोंड शेगडीवर आणून आत डोकावू नका. झाकण किंवा ताडपत्री पेटवायच्या आधी पूर्ण बाजूला.

हवेची खिडकी आधी अर्धी उघडा. ज्योतीची टोके पिवळी आणि लवलवती असतील तर थोडी आणखी उघडा. ज्योत छिद्रापासून उचलली जाऊन ‘हिस्स’ आवाज करत असेल तर थोडी बंद करा. निळी, छिद्राला धरून बसलेली, टोकाला किंचित पिवळी झाक चालते. खिडकीचा स्क्रू तिथेच घट्ट करा. ही जुळवणी वाऱ्यात नको, सकाळी हवा पडलेली असताना करा.

मग शेगडी १२ मिनिटे पूर्ण आचेवर तापवून तिच्यावर जाळी ठेवा, जाळीभर ब्रेडच्या चकत्या मांडा आणि दोन मिनिटांनी उलटून बघा. कुठे काळे, कुठे पांढरे, हे लगेच कळते. मधला पट्टा फिका राहिला तर डाव्या-उजव्या बर्नरच्या टोकांमधले अंतर जास्त आहे. ते ४ सेमीपर्यंत आणा.

पुढे काय काय बिघडते

एकदम पिवळी ज्योत आणि काजळी सुरू झाली तर आधी जेट न बघता बर्नरचे तोंड बघा. शेगडी आठ-दहा दिवस बंद राहिली की कोळी तिथे जाळे करतो आणि कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. हवा अडते, गॅस तोंडातूनच बाहेर येतो आणि कॉकजवळ पेटतो. हा प्रकार जितका साधा तितकाच धोक्याचा आहे. तोंडाला बारीक स्टेनलेस जाळी लावा, बंदनंतर पहिल्यांदा पेटवताना नळीतून ब्रश फिरवा.

नळीत ‘फट’ असा आवाज होऊन ज्योत जेटशी जळू लागली तर ती उलटी शिरली आहे. लगेच बंद करा, नळी गार होऊ द्या. आच फार मंद ठेवल्याने, वाऱ्याने किंवा छिद्रे गंजून मोठी झाल्याने हे होते. तिसरे कारण असेल तर बर्नर बदलणे एवढाच उपाय.

सगळ्या ज्योती एकदम आळसावून शेगडीच्या कडेबाहेर यायला लागल्या, तर तळाच्या खाचा बुजल्या आहेत. ट्रे काढा, खाचा खरवडा. चरबीचा ट्रे रोज रात्री रिकामा झाला पाहिजे. त्यात पाणी ठेवू नका. चरबी पेटली आणि खाली पाणी असले की ते उसळून पेटती चरबी बाहेर फेकते. चरबीला आग लागली तर मुख्य कॉक बंद, मग कोरडी वाळू किंवा कोरड्या पावडरचे अग्निशमन यंत्र. पाणी नाही. टाकीजवळच्या जोडावर गॅस पेटला असेल तर आधी गॅस बंद करायचा. ज्योत विझवून गॅस तसाच सुटू दिला तर तो पसरून दुसरीकडे पेटतो.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर शेगडी असेल तर दोन गोष्टी जास्त. समुद्राच्या वाऱ्याला लांब बाजूने पत्र्याचा आडोसा द्या, पण खालच्या खाचा झाकू नका. आणि स्टेनलेस म्हणून निश्चिंत राहू नका: खाऱ्या हवेत ३०४ वरही गंजाचे ठिपके पडतात, ते छिद्रांपासून सुरू होतात. तिथे बर्नर दर तीन महिन्यांनी काढून उजेडात धरून बघा.

शेगडी छपराखाली असेल तर वर धूर ओढणारी चिमणी आणि खाली मोकळी हवा दोन्ही हवीत. पिवळी ज्योत गार लोखंडाला लागून जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. बंद खोलीत ही शेगडी नको. गॅस गळतीचा भोंगा एलपीजीसाठी जमिनीपासून ३० सेमीच्या आत लावतात, पीएनजीसाठी छताजवळ. दोन्ही भोंगे दिसायला सारखे असतात, म्हणून लावणाऱ्याला कोणता गॅस आहे ते स्पष्ट सांगा.

रात्री बंद करताना आधी रेग्युलेटर, मग ज्योती आपोआप विझल्या की कॉक. त्यामुळे पाइपात गॅस भरून राहत नाही. वास आला, कारण सापडले नाही, तर वीज चालू-बंद न करता माणसे बाहेर काढा, टाकीचा रेग्युलेटर काढून सुरक्षा टोपी लावा आणि १९०६ ला फोन करा. एलपीजी गळतीसाठी तो क्रमांक देशभर चोवीस तास चालू असतो. टाकीशेजारच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरात रंगवून ठेवा, आणि शेगडीवर काम करणाऱ्या प्रत्येक पोराला मुख्य कॉक कुठे आहे ते पहिल्याच दिवशी हात लावून दाखवा.